काहिलीनं नेलं, काहिलीनं आणलं

मित्रांनो, खालच्या वाडीच्या काठावर वाळूत एक लोखंडी परात उपडी पडलेली तुम्ही पाहिली असेल. दगड मारून ती टणाटणा वाजवलीही असेल. तर ऐका, ती परात नव्हे. मी गुळाची जुनी काहील आहे, आणि वयानं तुमच्या आईपेक्षा थोरली आहे. दगड खाली ठेवा आणि जरा बसा.

मला चांदसाहेबांनी घडवलं. पलूसच्या बाजाराच्या मागं त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पत्र्याला पत्रा जोडत, रिबिटा ठोकत त्यांनी चार दिवस माझ्यावर घाम गाळला. पाचव्या दिवशी मला काठोकाठ पाण्यानं भरलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्याखालची माती हातानं चाचपत राहिले. माती कोरडी होती. "थेंब गळला तर माझं नाव बदला," असं सगळ्या बाजाराला सांगत सुटले.

तिथून मी कृष्णेच्या काठावर शालूबाईंच्या गुऱ्हाळात आले. चौदा हंगाम माझ्या पोटात रस उकळला. भेंडीचं पाणी घातलं की मळी वर यायची, ती काढली की पाक कसा लखलखायचा! काकवी न्यायला बायका तांबे घेऊन उभ्या असायच्या. पावसाळ्यात नदी फुगली की मीच होडी. दहा-बारा माणसं माझ्यात बसायची, पोहणारे मला पैलतीराला ढकलत न्यायचे. तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं, हे कशाला लपवू?

पुढं सगळा ऊस कारखान्याला जाऊ लागला. शालूबाईंचे मालक वारले आणि गुऱ्हाळ बंद पडलं. मला गोठ्यामागं उपडी टाकली. कोंबड्या माझ्याखाली अंडी घालायच्या. तेव्हापासून मी जरा तुसडी झाले असं म्हणतात. होणारच की!

बहात्तर साली पाऊस गेला. नदी आटून मधल्या धारेला कमरेइतकं पाणी राहिलं, आणि माणसांनी इतकी वर्षं तिच्यात काय काय टाकलं होतं ते सगळं उघड्यावर आलं. फुटकी मडकी, औषधाच्या बाटल्या, मेलेल्या माणसांची अंथरुणं, चिंध्या, गंजके डबे. वास असा, की घाटावर उभं राहवत नव्हतं.

पलटणीतून नुकतेच घरी आलेले सयाजी सुभेदार चावडीपुढं उभं राहून म्हणाले, "सोमवारी आपुन औत धरत न्हाई. बैलास्नी इसावा, आन् मानसं पारावर पत्ते कुटत्यात. त्या दिशी घाट साफ करू. कुनाला बोलवायचं न्हाई, कुनावर सक्ती न्हाई. म्या एकटा असलो तरी जानार."

पहिल्या सोमवारी पाच माणसं आली, दुसऱ्या सोमवारी तीसेक. मडकी, बाटल्या, चिंध्या गावाबाहेरच्या खड्ड्यात गेल्या. पण एक ढीग तसाच राहिला. त्याच्यात तुटक्या मूर्ती होत्या, देवांच्या काचा फुटलेल्या तसबिरी होत्या, कुजलेलं निर्माल्य होतं. त्याला कोणी हात लावीना. खड्ड्यात टाकावं तर देव पायदळी येणार. त्यांना वाहत्या पाण्यातच सोडायचं, अशी आपली रीत. शेवटी शालूबाई म्हणाल्या, "माजी काहील घ्या. तिच्यात भरा आन् मधल्या धारंला सोडा. आपल्या काठाला लागाय नगं."

मला उचलायला आठ जण आले. कोंबड्या फडफडत पळाल्या. किती वर्षांनी अंगाला नदी लागली! ओळीनं तीन सोमवार मी देव नेले. सुभेदार दोर धरायचे आणि शालूबाई हात जोडून एकेक तसबीर धारेला सोडायच्या. घाट धुतल्यासारखा झाला. गावानं नारळ फोडला आणि माझ्यावरही हळद-कुंकू पडलं. मी फुगून गेले. धार पुढं कुठं जाते हा विचार ना त्यांच्या डोक्यात आला, ना माझ्या.

चौथ्या सोमवारी सकाळी शालूबाईंची लेक अंजना आली. तिला खालच्या वाडीत दिली होती, नदीनं मैलभर खाली. एरवी कडेवर असायची ती तिची पोर मनू आज बरोबर नव्हती. घाटावर सगळ्यांपुढं तिनं ओच्यातून एक तसबीर काढली. जोतिबाची होती, शालूबाईंच्याच देव्हाऱ्यातली, काच फुटली म्हणून त्यांनी ढिगाबरोबर धारेला सोडलेली.

"आई, वळखलीस का?"

"अगं, ही तर म्या..."

"आमच्या झिऱ्यात घावली. वळणावर धार मंदावती, तितं सगळं अडकतंय. वाळू उकरून आमी तितलंच पानी पितो, दुसरं पानी हाय कुटं? फुलं कुजून झिरा हिरवा पडलाय. वाडीतली अकरा पोरं हागवणीनं आडवी झाल्यात. माज्या मनूच्या पोटात दोन दीस झालं पानीबी ठरंना." अंजनानं तसबीर आईच्या हातात ठेवली. "तुमचा घाट चकाचक झाला, आई. आमी काय पियाचं?"

मित्रांनो, त्या घटकेला मला जी लाज वाटली, ती कोंबड्यांचं खुराडं होऊन पडून राहण्यातही कधी वाटली नव्हती. ती घाण मीच वाहून नेली होती.

सुभेदार म्हणाले, "आत्ताच्या आत्ता जाऊन काढू." पण काढून ठेवायचं कुठं? म्हातारी माणसं म्हणू लागली, देवाला मातीत पुरणं आमच्यानं व्हायचं नाही. पुन्हा तोच घोळ. चांदसाहेब माझ्या रिबिटा बघायला म्हणून आले होते. हातोडी खाली ठेवून ते हळूच बोलले, "वैनी, एक सांगू का? आमच्यात कुराणाची पानं जुनी झाली, फाटली, तर आमी ती सोच्छ फडक्यात गुंडाळून मातीत ठिवतो. कुनाचा पाय पडनार न्हाई अशा जागी. त्यो काय अपमान न्हवं."

शालूबाईंनी जोतिबाची तसबीर पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "माज्या मळ्याचा वरचा कोपरा देते. भवतीनं काट्या लावू. देवाला राग आला तर माज्यावर यील. माजी नात तरी जगंल."

सोमवार, म्हणून बैल जुंपायचे नव्हते. गाडीचं काम मलाच. दोर लावून मला खाली वाडीच्या वळणावर नेली. तिथं काठावर वाडीच्या बायका उभ्या होत्या. अंजनाच्या सासूबाई राहीबाई सगळ्यांच्या पुढं. कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आलासा व्हय? आनी काय सोडाय आलाय?" शालूबाईंनी पदर खोचला आणि गुडघाभर चिखलात उतरल्या.

दुपारपर्यंत दोन खेपा झाल्या. धारेच्या उलट, भरलेल्या मला ओढताना माणसांच्या खांद्यांची सालटी निघाली. तिसऱ्या खेपेला मी वळणावरच्या खडकावर आपटले आणि तळाचा पत्रा टरकन फाटला. पाणी आत घुसलं. "देव धरा, देव!" म्हणून ओरडा झाला. काठावर सकाळपासून नुसत्या बघत उभ्या असलेल्या वाडीच्या बायका धावत पाण्यात आल्या आणि मूर्ती, तसबिरी, कुजकं निर्माल्यसुद्धा पाट्यांत भरून त्यांनी डोक्यावर घेतलं. उरलेलं सगळं तसंच डोक्यावरून मळ्यापर्यंत गेलं, दोन्ही गावांचं मिळून.

चांदसाहेबांनी माझ्या तळावरून हात फिरवला. "पत्राच ऱ्हायला न्हाई गड्या, रिबीट कशात मारू?" असं म्हणून त्यांनी तोंड दुसरीकडं केलं. मला वाळूत उपडी घातली, ती आजतागायत.

ऊन कलताना वाडीनं नवा झिरा उकरला. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकलं, दुसरंही टाकलं. तिसरं हळूहळू नितळ झालं. राहीबाईंनी तांब्या भरला आणि शालूबाईंपुढं धरला.

"घ्या, इहीनबाई. आदी तुमी प्या. तुमी प्यालासा तर मनूला पाजीन."

शालूबाईंचे हात चिखलानं भरले होते. त्यांनी ते लुगड्याला पुसले, तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला तेव्हा आत थेंब नव्हता. मग म्हणाल्या, "आनी एक द्या."

राहीबाई रडल्या. अंजनाही रडली. मनू पुढच्या सोमवारपर्यंत अंगणात पळू लागली. उरलेली दहा पोरंही उठली, एकही दगावलं नाही.

या गोष्टीला आता पाच-सहा वर्षं झाली. एका सोमवारी वरचा घाट, दुसऱ्या सोमवारी खालचं वळण, असं दोन्ही गावं मिळून अजून साफ करतात. कधी चार माणसं असतात, कधी चाळीस. तुम्हीही जा. मला मात्र आता नेऊ नका, मी फुटकी आहे.

आणि मित्रांनो, नदीत काही सोडायला हात उचललात, मग ते देवाचं असो की घरातलं, तर आधी खालच्या काठाला पाणी पिणाऱ्या एका माणसाचं नाव मोठ्यानं घ्या. नाव ठाऊक नसेल तर खाली चालत जा आणि विचारून या.