माजी सदस्य

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की बटणांच्या जागा बदलल्याचा राग अख्ख्या ऑफिसला यायचा आणि तो निघायचा किल्लीबाईंवर. किल्लीबाई म्हणजे लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीतल्या ॲडमिन. कोणती फाइल कुणाला दिसावी, कुणाला तीत लिहिता यावं, कोण आत आणि कोण बाहेर, हे सगळं त्यांच्या हातात. हे नाव त्यांना ठेवलं होतं त्यांच्याच धाकट्या भावानं. तो याच कंपनीत मेकॅनिक होता. "आमच्या ताईला विचारल्याशिवाय इथं माशीसुद्धा आत येत नाही," असं तो कॅन्टीनमध्ये मोठ्यानं सांगायचा. आठ महिन्यांपूर्वी तो गेला. डोक्यात रक्ताची गाठ झाली आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. एक्केचाळीस म्हणजे काही जायचं वय नव्हे.

यावेळची आवृत्ती जणू किल्लीबाईंसाठीच काढली होती. कुणी कोणती फाइल कंपनीबाहेरच्या माणसाला दिली आहे, त्यानं ती शेवटची कधी उघडली, हे आता एका पडद्यावर दिसत होतं. सोडून गेलेल्याच्या फाइली एका झटक्यात दुसऱ्याच्या नावावर करता येत होत्या. बाहेरच्या सगळ्यांचं दार एका बटणानं बंद होत होतं, आणि त्यातून कुणाला वगळून आत ठेवायचं असेल तर त्याची वेगळी यादी होती. किल्लीबाई किती वर्षं हेच मागत होत्या. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत.

"शुक्रवारी दुपारपर्यंत गेलेल्यांची खाती काढून टाका," साहेब म्हणाले. "आणि बाहेरच्यांना देणं बंद." हे बोलताना ते टेबलाकडे बघत होते, कारण त्या यादीत कुणाचं खातं आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता.

यादीत एकोणीस खाती होती. अठरा त्यांनी सकाळीच काढली. एकोणिसावं आठ महिने आज करू, उद्या करू म्हणत ठेवलेलं होतं. शुक्रवारी अकरा वाजता त्यांनी ते उघडलं. बहुतेक फाइली कामाच्या होत्या, पण 'नोंदवही' नावाची एक फाइल बाहेरच्या एका पत्त्याला दिलेली होती. पत्ता बाबांचा होता. शेवटची उघडली: आज, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी.

बाबासुद्धा लिफ्टचेच मेकॅनिक. चाळीस वर्षं काम करून गुडघे गेले तेव्हा घरी बसले. मग धाकट्यानं ही फाइल काढली. दिवसभरात जी लिफ्ट दुरुस्त केली तिच्यात काय केलं ते तो लिहायचा, आणि बाबा घरी टॅबवर वाचून खाली शेरा मारायचे. जमलं असेल तर "बघितलं". नाहीतर चार ओळींचा उद्धार. बाबांचं "बघितलं" आल्याशिवाय काम संपलं असं धाकटा मानायचाच नाही. कंपनीच्या कुठल्याही नियमात हे नव्हतं, बापलेकांचा आपसातला कायदा होता तो. किल्लीबाईंना हे माहीत होतं. पण धाकट्याबरोबर तेही संपलं, असं त्या धरून चालल्या होत्या. रोज संध्याकाळी त्या बाबांकडे डबा घेऊन जायच्या, तेव्हा बाबा टॅब पालथा घालायचे. पत्ते खेळत असतील, असं त्यांना वाटायचं.

फाइलमध्ये धाकट्याच्या एकशे सव्वीस नोंदी होत्या. शेवटची अशी: "नऊ मजली इमारत, डावी लिफ्ट. तिसऱ्या मजल्यावर थांबताना धक्का. ब्रेकचं लायनर झिजलंय. नवं मागवलंय." खाली बाबांचा प्रश्न होता, "आलं का लायनर?" मग अकरा दिवस काहीच नव्हतं. आणि मग रोज होतं.

"तुझ्या जागी आलेल्यानं लायनर बसवलं असेल. धक्का गेला असेल तर बरं."

"गुडघा आज बरा आहे."

"तुझे बूट अजून दारातच आहेत. ताई उचलायला गेली तर मी ओरडलो. तिला लागलं असणार."

"डब्यात मीठच नव्हतं. बोललो नाही. हल्ली ती काही चाखून बघत नाही वाटतं."

"ताई येते, बसते, घड्याळ बघते, जाते. तिच्यासमोर तुझं नाव काढत नाही. रडेल ती."

किल्लीबाईंनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि तोंडावर रुमाल धरला. बाबा कोसळतील या भीतीनं त्यांनीही आठ महिन्यांत त्यांच्यासमोर धाकट्याचं नाव काढलं नव्हतं. आणि बाबा रोज सकाळी इथं येऊन त्याच्याशी बोलत होते, तेही किल्लीबाईंच्याच राखणीतल्या जागेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

हे दार बंद होऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. तोंड धुऊन त्या साहेबांकडे गेल्या. फाइल माझ्या नावावर करते, वडिलांना वगळलेल्यांच्या यादीत घालते, म्हणाल्या. साहेबांनी लगेच मान हलवली. "त्यात विचारायचं काय? एक आजोबा आत राहिले तर कंपनी बुडत नाही." किल्लीबाईंना इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

जागेवर येऊन त्यांनी फाइल आपल्या नावावर केली. बाबांचा पत्ता यादीत घातला आणि बाबांना लिहिता येतंय ना, हे दोनदा तपासलं. मग धाकट्याचं खातं काढण्याचं बटण दाबलं. बारीक अक्षरांत एक सूचना आली. ऑफिसभर त्या सांगत फिरायच्या, सूचना वाचा, नवीन काहीही आधी चाचणीच्या खात्यावर करून बघा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! डोळे भरलेले होते, त्यांनी "पुढे" दाबलं.

फाइल जागच्या जागी होती. एकशे सव्वीस नोंदी होत्या, बाबांचे सगळे शेरे होते. फक्त प्रत्येक नोंदीवर जिथं धाकट्याचं नाव होतं, आणि त्या पूर्ण नावाच्या मधोमध बाबांचं, तिथं आता लिहिलं होतं: माजी सदस्य.

त्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "खातं काढलं की नाव परत येत नाही, मॅडम. खासगीपणा जपण्यासाठीच तशी सोय केली आहे."

"कुणाचा खासगीपणा?"

"गेलेल्या सदस्याचा, मॅडम."

किल्लीबाई जेवायला उठल्या नाहीत. त्या पहिल्या नोंदीवर गेल्या आणि तिच्या शेवटी धाकट्याचं नाव हातानं टाइप केलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. एकतिसाव्या नोंदीवर होत्या तेव्हा मोबाइल वाजला. बाबा कधी ऑफिसच्या वेळात फोन करायचे नाहीत.

"हे तू करतेयस का गं?"

"हो बाबा."

"सकाळी उघडलं तेव्हा तो होता."

"माझ्याकडून चूक झाली, बाबा. त्याचं नाव परत घालतेय. संध्याकाळपर्यंत सगळी घालते."

"नको घालूस." बाबांचा आवाज चढला नव्हता. "तू त्याचं नाव लिहिलंस की शेजारी तुझं नाव उमटतंय. अमुक वाजता हिनं बदल केला म्हणून. त्याची एकतीस पानं तुझी होऊन बसली."

किल्लीबाईंनी कळफलकावरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"वाचलंस का सगळं?"

"वाचलं."

"वाचलंस तर वाचलंस. मी काय वेडा नाही झालेलो. तो नाही हे मला कळतं. पण त्याचं नाव वर दिसायचं, मग खाली चार ओळी लिहाव्याशा वाटायच्या. आता माजी सदस्याला काय लिहू मी? कोण लागतो तो माझा?"

"मला सांगा ना, बाबा," किल्लीबाई म्हणाल्या. रडू फुटत होतं आणि त्यांनी ते फुटू दिलं. "जे त्याला लिहायचात ते मला सांगा. मी संध्याकाळी येते, घड्याळ नाही बघणार."

पलीकडे बाबांनी टॅब पालथा घातल्याचा आवाज आला.

"तुला काय सांगू, बाळा," ते म्हणाले. "तू तर रोज येतेस."