रेघ आणि झुबका

संग्रहालयात मी आणि हे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसतो. हे पतंगांचा अभ्यास करतात, मी ते पतंग टाचणीवर पंख पसरून बसवते. घरात माझा शब्द शेवटचा, पतंगांच्या बाबतीत यांचा.

आमच्याकडच्या दोन जाती अगदी सख्ख्या भावांसारख्या दिसतात. एकाच्या पंखावर पिवळी रेघ, तो रेघवाला. दुसऱ्याला रेघ नाही, पण पोटाच्या टोकाला केसांचा झुबका, तो झुबकेवाला. मध्यंतरी एका जुन्या पेटीत यांना असा पतंग सापडला, की त्याला रेघही होती आणि झुबकाही. म्हणजे तिसरीच, नवी जात. तिला माझं नाव द्यायचं यांनी ठरवलं. मी वरवर "काहीतरीच तुमचं" म्हटलं आणि त्याच दुपारी बहिणीला फोन लावला. लपवू कशाला, मी हवेत होते.

लेखासाठी फोटो काढायचा म्हणून मी तिन्ही पतंग भिंगाखाली घेतले आणि तिथेच माशी शिंकली. नव्या पतंगाची छाती आणि पोट जुळतात तिथे डिंकाचा वाळका थेंब होता. सुकलेल्या पतंगाचं पोट सहज गळून पडतं. कुणा भल्या माणसाने ते उचलून शेजाऱ्याला चिकटवलं होतं. धड रेघवाल्याचं, पोट झुबकेवाल्याचं.

फोटो वरून काढायचा होता, डिंक कुणाला दिसला असता? मला ते नाव हवं होतं. यांचीही एवढ्या वर्षांतली ही पहिलीच नवी जात. पण गप्प बसवेना.

"अहो, हे जरा बघता?"

हे जागचे हलले नाहीत. "डिंक ना?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"परवाच दिसला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बहिणीशी फोनवर किती खुशीत बोलत होतीस. कोणत्या तोंडाने सांगू?"

"आणि लेख?"

"तो तेव्हाच रद्द केला. दोन दिवस नुसताच कीबोर्ड बडवतोय."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. लग्नानंतर इतक्या वर्षांनी या माणसाने मला पतंगापेक्षा वरचढ मानलं होतं.

मग आम्ही पेटीतला बिनपोटाचा झुबकेवाला शोधला. यांनी चिकटवलेलं पोट सोडवून चिमट्यात धरलं, मी डिंक लावला आणि ज्याचं पोट त्याला दिलं.