डाव्या सीटचं मत

अनंत सरांपुढे गाडीचा विषय काढला की दुपार गेली म्हणून समजायचं. नव्या गाड्यांवर तर त्यांचा भलताच राग. डॅशबोर्डवर नुसता टीव्ही चिकटवलाय, म्हणायचे, एसी कमी करायला रस्ता सोडून काच चोळत बसा! प्लास्टिकवर खोटी शिलाई मारायची आणि वर म्हणे लेदर! त्यांची स्वतःची गाडी अकरा वर्षांची. न बघता हाताला सापडणारी बटणं, कापडी सीट आणि डॅशबोर्डवर या टोकापासून त्या टोकापर्यंत क्रोमची पट्टी. शाळेत जायचे सायकलीनं, पण ती पट्टी रोज सकाळी फडक्यानं पुसायचे. स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. बायको ज्योत्स्ना शेजारी बसे ती चपला झटकून. सगळा रस्ता ती त्यांच्याकडे जराशी झुकून बसायची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी, असं मनात म्हणून सर खूश व्हायचे.

एका सोमवारी पट्टी पुसायला गाडीत शिरले, तर गुडघा स्टिअरिंगला आपटला. सीट दोन खाचा पुढे होती.

सरांचं घर जुन्या शहराच्या कोटाच्या आतल्या गल्लीत, तिथं रिक्षासुद्धा अंग चोरून जाते. म्हणून गाडी उभी असायची कडूच्या पॉवरलूमच्या अंगणात. सुताचा ट्रक आला की बाजूला घेता यावी म्हणून एक चावी कायम कडूकडे. आता कडू पडला बुटका. सरांच्या मनात पाल चुकचुकली.

मंगळवारी आरसा खाली झुकलेला. बुधवारी सीटवर कापसाचे तंतू. गुरुवारी त्यांनी किलोमीटरचा आकडा तळहातावर लिहून ठेवला, आणि संध्याकाळी पाहतात तर नऊनं वाढलेला! ट्रकला वाट द्यायला नऊ किलोमीटर लागतात होय? कडू समोरून 'राम राम, सर' म्हणाला तेव्हा सरांनी मान फिरवली. त्या रात्री जेवण गेलं नाही. ज्योत्स्नानं काय झालं विचारलं, तर 'माणसं ओळखावीत कशी' एवढंच म्हणाले. ती वाढता वाढता थांबली आणि आत गेली.

शनिवारी अर्धी रजा टाकून सर थेट अंगणात. गाडी नाही. आणि कडू मात्र यंत्रमागावर, तोंडात सुपारी! सरांचा पारा चढला. कुणाला भाड्यानं दिलीस, किती दिवस चाललंय हे, अशी सरबत्ती सुरू झाली. चार कारागिरांसमोर चोर म्हणाले. कडूनं माग बंद केला, पण तोंड उघडलं नाही. हे गप्प बसणंच सरांना पुरावा वाटलं.

तेवढ्यात गाडी फाटकातून आत आली. डावीकडे कडूची बायको लीला, जी स्वतः सुताचा टेम्पो चालवते. आणि स्टिअरिंगवर ज्योत्स्ना.

'मीच कडूभाऊंना शपथ घातली होती,' ती उतरून म्हणाली. 'देडतलाईला माझी आई तीन महिने अंथरुणावर आहे. तुम्ही म्हणता रस्ता खराब, सस्पेन्शन जाईल. मग मी शिकले.'

कडूनं खिशातली चावी काढली. 'सर, आता ही माझ्याकडे नको.' सरांनी हात पुढे केला, तोवर ज्योत्स्नानं चावी घेतलीसुद्धा. आपण आत्ताच आईकडे निघतोय, यायचं तर डावीकडे बसा, असं तिनं सांगून टाकलं. सर कडूला 'चुकलं माझं' म्हणाले, पण तोवर माग पुन्हा खडखडायला लागला होता. त्याला ऐकू गेलं की नाही, देव जाणे.

अकरा वर्षांत सर त्या सीटवर पहिल्यांदाच बसले. पट्टा मानेला काचत होता. एसीचा झोत थेट डोळ्यांवर. केळीच्या बागांपाशी रस्ता वळला, खिडकीतून ऊन आत आलं आणि त्यांनीच लख्ख पुसलेल्या पट्टीवरून असं डोळ्यांत घुसलं की त्यांनी तळहात आडवा धरला. गुरुवारचा आकडा त्यावर अजून पुसट दिसत होता.

ज्योत्स्नानं रस्त्यावरची नजर काढली नाही.

'माझ्याकडे जरा झुकून बसा,' ती म्हणाली. 'मग ऊन लागत नाही. मी तशीच बसते.'