जिन्याकडे तोंड करून बसलेली खुर्ची

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. जन्मात कधी एक पाऊल चालले नाही; पण तीन मजल्यांवरच्या माणसांची चाल मी बदलून टाकली.

एका न्यायालयाचा दरवाजा मोडीत निघाला, त्याच्या फळ्यांतून सुतारानं मला घडवलं. म्हणूनच असेल, माझ्यासमोर आलेला माणूस न विचारताच खुलासा देऊ लागतो.

तळमजल्यावरच्या निवृत्त काकांनी मला जिन्याच्या तोंडाशी मांडलं. सकाळ-संध्याकाळ ते माझ्यावर बसत. त्यांनी कधी कुणाला अडवलं नाही, आवाज चढवला नाही. चष्म्यावरून बघत एवढंच म्हणायचे, "निघालात?"

"हो काका, जरा दुकानात."

मित्रांनो, सगळी इमारत जरा दुकानातच जायची! सिनेमाला निघालेलाही हातात रिकामी पिशवी घेऊन उतरायचा. नवराबायको वरून हसत यायचे आणि शेवटच्या वळणावर एकदम आजारी चेहरे करायचे. इमारतीतलं मांजरसुद्धा तोंडातला उंदीर लपवून, दूध आणायला निघाल्यासारखं माझ्यासमोरून जायचं. खोटं वाटतं ना? मांजराला विचारा.

एकदा काकांनाच वाटलं, बागेत चक्कर मारून यावं. उठले, दोन पावलं गेले, परत येऊन बसले. स्वतःशीच पुटपुटले, "खुर्ची रिकामी दिसली तर लोक काय म्हणतील?" त्या दिवशी मला त्यांचं वजन फार जाणवलं.

पुढे काका वारले. मला वाटलं, सुटले! आता कुणी दमलंभागलं माझ्यावर टेकेल, कुणी बुटाची नाडी बांधेल. छे! कुणी बसेना, कुणी हलवेना. "हिच्यामुळे इमारतीला शिस्त आहे हो," असं कौतुक मात्र व्हायचं. माझ्यावर धूळ साचली, वेत सुटला, आणि लोक त्या धुळीलाच सांगून जायचे, "जरा दुकानात." ऐकून ऐकून मी थकले, मित्रांनो. पहारा देणाऱ्यालाही झोप लागते. मला तीही नव्हती.

दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या वहिनी राहतात. लहानपणापासून त्यांना पोहायला शिकायचं होतं. जवळच तरणतलाव झाला, बायकांची वेगळी वेळ ठरली. वहिनींनी स्वतःच्या हातानं पोहण्याचा पोशाख शिवला, पिशवीत तळाशी दडवला. पण जिन्यावर त्यांच्या नणंदेनं ऐकवलं, "वहिनी, या वयात पाण्यात? ओले केस घेऊन परत याल तेव्हा काय सांगाल? दुकानात पाऊस पडला?"

वहिनी हसल्या, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. त्यानंतर रोज माझ्यापर्यंत यायच्या, "जरा दुकानात" म्हणायच्या आणि खरंच दुकानात जाऊन मीठ घेऊन यायच्या. घरात मिठाचे डबे भरले, पण तरणतलावाच्या वहीत त्यांचं नाव काही लागलं नाही.

मग नावनोंदणीचा शेवटचा दिवस आला. आज चुकलं तर वर्ष गेलं. वहिनी माझ्यासमोर येऊन थांबल्या. सवयीनं ओठ हलले, "जरा दु..." आणि डोळ्यांत पाणी आलं.

मित्रांनो, मला ते बघवेना. मी दातओठ खाल्ले, सारा जीव एकवटला आणि माझा पुढचा पाय मीच कडाडकन मोडून घेतला! आडवी झाले. वाट मोकळी! वहिनी ताठ मानेनं निघून गेल्या.

म्हणून आज मी सुताराच्या दुकानाबाहेर भिंतीला टेकून उभी आहे आणि शाळेतून येता-जाता तुम्ही मला भेटता. माझी एकच विनंती आहे. मला नवा पाय बसवा, वेत विणा, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. पण पुन्हा जिन्याकडे तोंड करून ठेवू नका. एखाद्या झाडाखाली ठेवा. तिथं कुणी बसलं तर त्याला कुठून आलास विचारू नका. आणि दुसऱ्यासाठी स्वतःचा पाय मोडून घेणाऱ्या या खुर्चीचा त्याग...

"ए, पुरे झालं!"

मागे वहिनी उभ्या होत्या. केसांतून पाणी ठिबकत होतं, ओला पोशाख भर रस्त्यात खांद्यावर टाकलेला.

"मुलांनो, हिचं काही ऐकू नका. ही कसली पाय मोडून घेतेय! लाथ मी घातली. हा बघा अंगठा, अजून काळानिळा आहे."