दोन शिट्या

गुलाबभाऊ मुकादम होते तोवर टोळी गप्पा हाणत काम करायची. वणवा पसरू नये म्हणून जंगलात पालापाचोळ्याची पट्टी साफ करायचं काम. गुलाबभाऊ सगळ्यांच्या मागून चालायचे आणि घटकेघटकेला एकेकाला नावानं हाक मारायचे. "हाव" ऐकू आल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढं पडायचं नाही.

त्यांच्या जागी आलेल्या प्रफुलला हा वेळेचा सत्यानाश वाटला. त्यानं गळ्यात शिटी अडकवली. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की चालायचं, बोलणं बंद.

"इथी शिटी नका वाजवू, भाऊ," टोळीतली म्हातारी म्हणाली. "जंगल आयकून राह्यलं."

"तुले कोणं इचारलं?" तो खेकसला. नंतर कोणी तोंड उघडलं नाही, आणि आठवडाभरात काम दुप्पट वेगानं उरकू लागलं.

नवव्या दिवशी सकाळी धुकं दाट होतं. बारा जण विसाव्याला टेकले होते. तेवढ्यात बांबूच्या बेटातून दोन शिट्या आल्या.

भीमराज पाखरू हुबेहूब नक्कल करतं, हे प्रफुलला ठाऊक होतं. पण भीमराज उंच फांदीवर बसतो. ही शिटी माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून आली होती.

टोळी उठली आणि बांबूकडं चालू लागली. प्रफुलनं एक शिटी फुंकली. सगळे थांबले. आतून पुन्हा दोन वाजल्या, तसे सगळे निघाले. मागं वळून कोणी बघितलं नाही.

हाक मारायला त्यानं तोंड उघडलं. बारांतल्या एकाचंही नाव त्याला माहीत नव्हतं.