नाव कमी करताना

मित्रांनो, मी एक जुना प्रश्न आहे. संकेतस्थळावरून काही काढून टाकायला कोणी बोट लावले की पडद्याच्या मधोमध पांढरा चौकोन उघडतो ना, तोच मी. तुमचे बोट 'हो'वर पडले की मी मिटतो. निवांत बसणे मला ठाऊकच नाही. कोणी काही काढायला निघाले की मला बोलावणे येते. काही नवे ठेवताना मला कोणी हाक मारत नाही.

माझा जन्म नेरे गावचा. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या गौतमीताईने एका रविवारी मला लिहिले. कोळवण खोऱ्यात जुन्या भातांचे बियाणे कोणाकडे आहे, ते कसे राखायचे, हे सगळे एका जागी राहावे म्हणून ती गावकऱ्यांसाठी संकेतस्थळ बांधत होती. बाकी कामात तिने जीव ओतला. माझी पाळी आली तेव्हा तिचा चहा गार होत होता. "तुम्हाला खात्री आहे का? हो. नाही." एवढे लिहून ती उठली. झाले माझे बारसे!

तरी सुरुवातीला माझे कौतुक झाले. "मराठीत इचारतंय बगा!" म्हणून लोक हसायचे. पुढे मी नकोसा झालो. फोटो काढा, मी हजर. चुकलेली ओळ खोडा, मी हजर. लोक मला न वाचताच 'हो' दाबू लागले. त्यांना कशाला बोल लावू? ऊठसूट तेच विचारणाऱ्याकडे कोण लक्ष देते?

बियाणे राखणाऱ्या प्रत्येकाच्या नावाचे तिथे एक पान होते. सर्वांत भरलेले पान होते कोंडाजीआबांचे. आबांना लिहिता येत नसे, म्हणून ते फोनमध्ये बोलत आणि त्यांची सून मोनाली ते पानावर चढवी. काळभाताची लोंबी कशी ओळखायची, कणगीत कडुनिंबाचा पाला किती घालायचा, असे त्यांचे सोळा आवाज जमले होते. घरचे बी नासले तर हाताशी असावे म्हणून आबा दरवर्षी थोडे बी दुसऱ्या गावातल्या एका घरी ठेवायला देत. ते घर कोणते, हे शेवटच्या आवाजात होते. मोनालीने तो घाईत चढवला, ऐकायचा राहिला.

फाल्गुनात आबा गेले. तेरावे झाले. रेशनकार्डावरचे नाव कमी झाले, सातबाऱ्यावर वारस लागले. मोनाली कुठलेच काम अर्धवट ठेवणारी नव्हे. एका दुपारी तिला आठवले, "हितलं नाव कमी करायचं ऱ्हायलंच की!"

तिने आबांच्या नावापुढची खूण दाबली. मी उघडलो. "तुम्हाला खात्री आहे का?" आबा गेल्याची खात्री तिच्याहून जास्त कोणाला असणार? तिने 'हो' दाबले.

सोळा हा आकडा मला दिसत होता, मित्रांनो. ओरडून सांगावेसे वाटले. पण मला दिलेले शब्द संपले होते. मी मिटलो आणि ते सोळाही आवाज गेले.

मृगाला नऊ दिवस उरले तेव्हा मोनालीने बियाण्याची कणगी उघडली. तळाला भोक आणि आत उंदरांनी केलेला भुसा. आबांनी बी कोणाकडे ठेवले ते ऐकायला ती पान शोधू लागली, तर पानच नाही. तिने फोन केला तशी गौतमीताई दुसऱ्याच दिवशी आली.

"वहिनी, नाव डिलीट केलं की त्याखालचं सगळं जातं. बॅकअपही ठेवला नव्हता मी."

"आवो, रेशनकार्डावरनं नाव कमी केलं म्हणून घरातलं धान्य जातंय व्हय? ते घरच्यांना ऱ्हातं न्हवं?"

गौतमीताई म्हणाली, "चूक माझी आहे. मी प्रश्न अर्धाच विचारला."

मोनालीने खोऱ्यातली घरे पालथी घातली. सातव्या दिवशी मुठा गावचे कुशाबा फडक्यात बांधलेले बी घेऊन दारात उभे राहिले. "तू हुडकतीयास म्हनून कळलं. कोंडाजीनं माज्याकडंच ठिवलेलं, पोरी."

मोनालीने ते गाठोडे उराशी धरले आणि ती रडू लागली. "बी घावलं. पर आबांचा आवाज आता कुटं हुडकू?"

त्यानंतर त्या दोघींनी मला नव्याने लिहायला घेतले. गौतमीताईने सूचनांचा पसारा मांडला. मोनाली म्हणाली, "एवडं कोन वाचतंय? कुनाचं काय काय जानार ते नाव घिऊन सांगा, मंग इचारा." म्हणून आता कोणी समजा गंगूबाईंच्या पानाला बोट लावले, तर मी म्हणतो: "गंगूबाईंचे पान काढले तर त्यांचे नऊ आवाज आणि चार फोटोही जातील. तीस दिवसांच्या आत परत आणता येतील." खाली 'पान काढा' आणि 'राहू द्या'. बारीकसारीक खोडाखोडीला मला कोणी उठवत नाही. लोक मला वाचतात. तरी माझी काळजी मिटलेली नाही.

कारण मोनालीने आबांचे नाव पुन्हा लावून घेतले आहे. वर नाव, खाली काहीच नाही. कधीतरी कोणीतरी आवराआवर करताना ते कोरे पान काढायला निघेल. मला बोलावणे येईल, आणि खरे तेच सांगायला शिकलेला मी सांगेन: "कोंडाजीआबांच्या पानावर एकही नोंद नाही. पान काढायचे?"

मित्रांनो, ते बोट तुमचे असेल तर एवढे करा. राहू द्या.