स्पीकरच्या पोटातली कॅसेट

“हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. दात पडलेत की काय तुमचे?” माझा नवरा सबारुद्दीन माझ्या कानाशीच कुरकुरला.

दात आमचे शाबूत होते. पण उभी हयात ड्रम बडवलेल्या माणसाच्या कानांविषयी आमच्या घरात कुणी बोलत नाही. मी मान डोलावते, त्याचा दोस्त खामिस मोठ्यानं हसतो. भागतं.

खामिस त्यांच्या हेवी मेटल बँडचा गायक. आता ताइपिंगमध्ये शाळेची बस चालवतो. त्या दुपारी तो आमचा जुना काळा स्पीकर भंगारात द्यायला म्हणून खोलत होता. आत मागच्या लोहचुंबकाला एक कॅसेट चिकटली होती. तिच्या चिमुकल्या लोखंडी स्क्रूंमुळे चुंबकानं गच्च धरून ठेवलेली.

त्यांची ती एकुलती एक कॅसेट. निघाली तेव्हा दुकानात कुणी हातसुद्धा लावला नव्हता. पुढं मलेशियाच्या टीव्हीवर लांब केसवाल्या कलाकारांना बंदी आली. खामिसनं केस कापले, माझ्या नवऱ्यानं नाही कापले. मग सासऱ्यांनी परसात त्या कॅसेटच्या घरातल्या सगळ्या प्रती जाळल्या. एक आपण कुठंतरी लपवलीय, एवढंच त्याला आठवायचं. कपाटं झाली, माळा झाला, तांदळाचा डबासुद्धा उपसून झाला. “ती एकदा ऐकली ना,” तो म्हणायचा, “की वाटेल, आपण काहीतरी केलं होतं.”

आता ती हातात होती आणि खामिसचा चेहरा उतरला होता.

“मीनाह, इतकी वर्षं चुंबकाला लागून... पुसली गेली असणार गं.” कुजबुजायची गरज नव्हती, तरी कुजबुजला.

“काय म्हणतोय हा?”

“म्हणतोय, नशीब काढलंत, अबांग!” मी ओरडले. नवऱ्याला मी अबांगच म्हणते.

“मग लाव की! मुहूर्त बघतोयस?”

खामिसनं टेपरेकॉर्डरमध्ये लावली. नुसतं सूंऽऽ. रिकाम्या शिंपल्यासारखं.

सबारुद्दीननं डोळे मिटले आणि तो टेबलावर बोटं आपटायला लागला. तळलेल्या केळ्यांची बशी थरथरली. “ऐका, ऐका, इथं दोन्ही पाय!” टाचा फरशीवर धडधडल्या. कुठं थांबायचं, कुठं उसळायचं, सगळं त्याला पाठ. “चल खामिस, आता तुझी किंकाळी!”

खामिसनं तोंड उघडलं. आवाज काढलाच नाही. तसाच आ वासून रडायला लागला.

सबारुद्दीननं डोळे उघडले. “रडतोस काय म्हाताऱ्या? एवढं काही वाईट गायला नव्हतास.”

मी केळ्यांच्या बशीकडे बघत राहिले.

मग सबारुद्दीननं हात पुढं केला आणि टेपरेकॉर्डरच्या जाळीवर तळवा ठेवला. ड्रमवाल्याचा तळवा. किती तरी वेळ उचललाच नाही. जाळी थंड होती, हलत नव्हती.

“मीनाह?” आता तो माझ्या ओठांकडे बघत होता.

मी त्याची हनुवटी धरली आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “कॅसेट कोरी आहे, अबांग. आणि कोरी नसती, तरी तुम्हाला ऐकू आलं नसतं.”